ग्राउंड झीरोजवळची मशीद (पार्क५१): ती नेमकी कुठल्या टप्प्यावर अडली?

निशिगंधा

न्यू यॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेजवळ (ग्राउंड झीरो) मशीद आणि समाजकेंद्र बांधण्याची योजना होती, ती पार्क५१. त्या प्रकरणाची नगररचनेच्या अंगाने मांडणी करायची आहे. २०१० च्या उन्हाळ्यातली भाषणं, घोषणा, मोर्चे यांवर हवं तेवढं वाचायला मिळतं. मला हवी आहे ती कोरडी माहिती:

१) जागा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या स्मारकापासून किती लांब होती? 'जवळ' म्हणजे किती, हे कायद्यात कुठे लिहिलेलं होतं का?
२) कोणत्या मंजुऱ्या लागत होत्या आणि त्यातली कोणती नाकारून प्रकल्प खरोखर थांबवता आला असता?
३) पालिकेने अडवला नाही, कोर्टाने अडवला नाही, तरी तो झाला का नाही?
४) विरोधक ऑश्विट्झच्या नाझी छावणीलगतच्या कॉन्व्हेंटचं (ख्रिस्ती जोगिणींच्या मठाचं) उदाहरण देत. ते कितपत लागू पडतं?

आपल्याकडच्या वादांशी तुलना कृपया इथे नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

---

फूटपट्टी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

जागा ४५ ते ५१ पार्क प्लेस. पार्क प्लेस ही पूर्व-पश्चिम गल्ली आहे आणि हा तुकडा वेस्ट ब्रॉडवे व चर्च स्ट्रीट यांच्या मधला. तिथून दक्षिणेला निघालात की आधी बार्कले स्ट्रीट, मग व्हेसी स्ट्रीट, आणि व्हेसी ओलांडली की वर्ल्ड ट्रेड सेंटरचं आवार. म्हणजे दोन ब्लॉक, अंदाजे ६०० फूट. बार्कले आणि व्हेसीच्या मधला अख्खा ब्लॉक ९० चर्च स्ट्रीट या सरकारी कचेऱ्या नि पोस्टाच्या इमारतीने व्यापलेला आहे. त्यामुळे स्मारकाच्या कुंडांपाशी उभं राहिलं तर पार्क प्लेस दिसतच नाही. 'ग्राउंड झीरोवर मशीद' हे वाक्य नकाशावर टिकत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये असोसिएटेड प्रेसने आपल्या वार्ताहरांना 'ग्राउंड झीरो मॉस्क' ही संज्ञा टाळायला सांगितलं, ते याचसाठी.

पण दुसरी बाजूही नकाशावरच आहे, आणि समर्थक ती सहसा सांगत नाहीत. ४५-४७ पार्क प्लेस ही १८५७-५८ मधली पाच मजली दगडी इमारत, तळाशी बर्लिंग्टन कोट फॅक्टरीचं कपड्यांचं दुकान. ११ सप्टेंबरला युनायटेडच्या १७५ क्रमांकाच्या विमानाच्या लँडिंग गिअरचा भाग छत फोडून तिच्यात घुसला. दुकान बंद पडलं आणि इमारत पुढची बरीच वर्षं रिकामी राहिली. जुलै २००९ मध्ये ती ४८.५ लाख डॉलरला विकली गेली. मॅनहॅटनच्या त्या भागात एवढी स्वस्त इमारत मिळाली याचं एक कारण तिची ती अवस्था.

आणखी एक तपशील: एप्रिल २०१३ मध्ये, वाद शमून दोन-अडीच वर्षं झाल्यावर, ५१ पार्क प्लेस आणि मागची ५० मरी स्ट्रीट यांच्या मधल्या जेमतेम १८ इंच रुंदीच्या फटीत विमानाचा सुमारे पाच फुटी तुकडा अडकलेला सापडला. मालकाने नेमलेल्या सर्व्हेअरांना तो दिसला. आधी तो लँडिंग गिअरचा म्हणून जाहीर झाला, नंतर बोइंगने सांगितलं की पंखाच्या फ्लॅपचा आधार आहे. पोलिसांनी जागा सील केली, वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयाने तिथली माती चाळून घेतली. आवाराची हद्द व्हेसी स्ट्रीटला संपते, पण ढिगारा हद्द बघून पडला नव्हता. दक्षिणेला १३० लिबर्टी स्ट्रीटच्या डॉइच बँकेच्या इमारतीच्या छतावर तर शेकडो अस्थींचे तुकडे निघाले होते.

तरीही तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच आहे. स्मारकाभोवती अमुक फुटांत अमुक वापर निषिद्ध, असा कुठलाही पट्टा न्यू यॉर्कच्या नियमांत नव्हता. मस्जिद मॅनहॅटन १९७० पासून चार ब्लॉकवर होतीच आणि पार्क५१ चे एक प्रवर्तक इमाम फैसल अब्दुल रौफ यांची मस्जिद अल-फराह जरा उत्तरेला ट्रायबेकात. त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

---

सातबारा

प्रश्न २. इथेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा सविस्तर.

त्या जागेवर प्रार्थनास्थळ आणि समाजकेंद्र बांधणं झोनिंगनुसार 'ॲज ऑफ राइट' होतं. म्हणजे वापर बदलण्याची परवानगी नको, व्हेरियन्स (नियमातून सूट) नको, नियोजन आयोगाचा खास परवाना नको, नगर परिषदेत मतदान नको. नकाशे नियमात बसले की इमारत विभागाने परवाना द्यायचा. तिथला अधिकारी जिने, आग, पाया, भार बघतो. समोर काय बांधलं जातंय आणि जवळ काय आहे, हे बघण्याचा अधिकार त्याला नाही. बाकी पाडकामाचा परवाना, ७५ किंवा त्याहून जास्त माणसं एका जागी जमणार असतील तर त्याचं वेगळं प्रमाणपत्र, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. यातलं काहीही 'संवेदनशीलते'वरून नाकारता येत नाही.

मग वर्तमानपत्रांत गाजलेली ती दोन मतदानं कसली?

पहिलं, कम्युनिटी बोर्ड १ चं. २५ मे २०१०: बाजूने २९, विरोधात १, तटस्थ १०. हे बोर्ड निव्वळ सल्लागार. सदस्य जास्तीत जास्त ५०, नेमणारे बरोचे (शहराच्या त्या विभागाचे) अध्यक्ष. ॲज ऑफ राइट बांधकामाला त्यांच्याकडे जाण्याची सक्ती नसते. प्रवर्तक आपणहून गेले, शेजाऱ्यांचा पाठिंबा कागदावर यावा म्हणून. पाठिंबा मिळाला, पण सोबत एक अधिकृत दिसणारी सभाही मिळाली, जिच्यात कॅमेरे लागले. डिसेंबर २००९ मध्ये न्यू यॉर्क टाइम्सने या योजनेची बातमी दिली तेव्हा फारसा गाजावाजा झाला नव्हता. तो मे महिन्यापासून सुरू झाला. माझ्या मते प्रवर्तकांची सगळ्यात महाग पडलेली स्वेच्छा ती हीच.

दुसरं, लँडमार्क्स आयोगाचं. ४५-४७ च्या इमारतीला वारसा दर्जा देण्याचा प्रस्ताव आयोगाकडे १९८९ पासून भिजत घोंगड्यासारखा पडून होता. विरोधकांना वाटलं, हीच किल्ली. जुलैत जाहीर सुनावणी झाली आणि ३ ऑगस्ट २०१० ला ९ विरुद्ध ० मतांनी दर्जा नाकारला गेला. निकष असे: इमारत किमान ३० वर्षं जुनी असावी आणि तिला विशेष वास्तुशास्त्रीय, ऐतिहासिक किंवा सौंदर्यविषयक मोल असावं. शैली इटालियन पलाझो धाटणीची, पण त्या शैलीच्या सरस इमारती आसपास आहेत. लँडिंग गिअरच्या मुद्द्यावर आयोगाचं म्हणणं असं पडलं की अवशेष असंख्य इमारतींवर कोसळले, तेवढ्यावरून प्रत्येकीला दर्जा देता येणार नाही.

आता समजा दर्जा दिला असता, तर? मशीद तरीही झाली असती! आयोग बाह्यरूपाचं नियमन करतो, आत काय चालतं याचं नाही. पाडकाम अडलं असतं, नियोजित १३ मजली मनोरा झाला नसता, पण त्या जुन्या पाच मजल्यांत नमाज चालू राहिला असता. २००९ च्या अखेरीपासून तो तिथे होतच होता. म्हणजे विरोधकांनी अख्खा जुलै महिना ज्या दारावर धडका दिल्या, ते दार मशिदीकडे जातच नव्हतं.

शिवाय वर फेडरल कायदा बसलेला: धार्मिक जमीनवापराचा २००० चा आर्लुइपा. त्याच्या व्याख्येत 'झोनिंग किंवा लँडमार्किंग' असा स्पष्ट उल्लेख आहे. प्रार्थनास्थळावर भरीव बोजा टाकणारा निर्णय घ्यायचा तर सरकारला अत्यंत तातडीचं सार्वजनिक हित दाखवावं लागतं आणि त्यासाठी कमीत कमी जाचक मार्ग निवडावा लागतो. सुनावणीतली 'इथे मशीद नको' अशी शंभर भाषणं नोंदीत असताना वारसा दर्जा दिला असता, तर तीच नोंद शहराविरुद्ध पुरावा ठरली असती.

एका माजी अग्निशामकाने आयोगाच्या निर्णयाविरुद्ध दावा लावला होता. जुलै २०११ मध्ये तो 'स्टँडिंग' (दावा लावण्याचा हक्क) नाही म्हणून फेटाळला गेला. बचावकार्यातलं भावनिक नातं खरं, पण या इमारतीच्या दर्जाबाबत त्यांचं सर्वसामान्यांहून वेगळं कायदेशीर नुकसान नाही, असा सूर.

---

तिरकस

आणि सेंट निकोलस चर्चचं काय? ते तर हल्ल्यात जमीनदोस्त झालं होतं. त्याला दहा वर्षं परवानगी नाही आणि मशिदीला महिन्यात हिरवा कंदील. हे कुठल्या नियमात बसतं?

---

सातबारा

तिरकस, दोन वेगळे सातबारे आहेत हो. पार्क प्लेस खाजगी जमीन, खाजगी पैसा. सेंट निकोलस १५५ सीडर स्ट्रीटला होतं, छोटंसं ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्च. ती जागा पोर्ट ऑथॉरिटीला वाहनतपासणी केंद्राच्या भूमिगत कामासाठी हवी होती. म्हणून चर्चला बदली जागा आणि सार्वजनिक पैसा अशी अदलाबदल चालली होती. आकार किती, पैसे किती, ताबा कधी यावर बोलणी २००९ मध्ये फिसकटली. ऑक्टोबर २०११ मध्ये १३० लिबर्टीच्या जागेवर करार झाला, सँतियागो कालात्रावाचा आराखडा ठरला, मध्ये पैशांमुळे काम थांबलं, आणि ४ जुलै २०२२ ला चर्चचं पवित्रीकरण झालं. उशीर झाला हे खरंच, पण तो परवानगीचा नव्हता, सौद्याचा होता.

---

उंबरठा

कायद्याचं चित्र वर नेटकं आलंय, पण त्यावरून असं वाटू नये की विरोध म्हणजे सगळा अडाणीपणा होता. विरोधकांत किमान तीन गट होते आणि ते वेगळे काढले नाहीत तर मांडणी फसेल.

एक, इस्लामच्या प्रसारालाच विरोध करणारे. पामेला गेलर आणि रॉबर्ट स्पेन्सर यांची मोहीम या गटातली. दोन, निवडणुकीचे उमेदवार: नोव्हेंबर २०१० जवळ येत होता. गव्हर्नरपदासाठी उभे असलेले रिक लाझिओ निधीच्या चौकशीची मागणी करत होते, तर कार्ल पालादिनो सक्तीच्या भूसंपादनाने जागा काढून घेऊ म्हणत होते. तीन, 'हक्क आहे, पण इथे नको' म्हणणारे. ज्यू संघटना एडीएलने हीच भूमिका घेतली. त्या भूमिकेबद्दल तिच्या प्रमुखांनी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, हे वेगळं. मृतांच्या कुटुंबांतही एकमत नव्हतं. 'पीसफुल टुमॉरोज' ही कुटुंबीयांची संघटना केंद्राच्या बाजूने होती, तर इतर अनेक नातेवाईक कडाडून विरोधात. न्यू यॉर्कमधल्या २,७५३ मृतांपैकी सुमारे ४० टक्क्यांचा एकही अवशेष ओळखता आलेला नाही. त्यांच्या घरच्यांना तो परिसरच दफनभूमी वाटतो. 'अहो, ९० चर्च स्ट्रीट मध्ये येते' हे उत्तर त्यांना देण्यात अर्थ नाही.

अंतर वाढेल तसा विरोध वाढत होता, हेही मांडण्यासारखं आहे. जुलै २०१० च्या क्विनिपियाक विद्यापीठाच्या मतचाचणीत मॅनहॅटनमध्ये ४६ टक्के बाजूने, ३६ विरोधात. पूर्ण शहर धरलं तर ५२ टक्के विरोधात, ३१ बाजूने. ऑगस्टच्या सीएनएन चाचणीत देशभरात ६८ टक्के विरोधात.

आता ऑश्विट्झ. १९८४ मध्ये कार्मेलाइट जोगिणी छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या एका इमारतीत राहायला आल्या. तिथे कधीकाळी झिक्लोन-बी या विषारी वायूचे डबे साठवले जात. ज्यू संघटनांनी हरकत घेतली. फेब्रुवारी १९८७ मध्ये जिनिव्हात लेखी करार झाला: दोन वर्षांत कॉन्व्हेंट हलवायचं. १९८९ ची मुदत उलटून गेली, निदर्शनं झाली, मारहाण झाली. अखेर १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोगिणींना पत्र लिहिलं आणि त्या हलल्या.

हे उदाहरण देणारे म्हणत, 'पोपला कळलं, यांना का कळू नये?' पण इथे घोडं पेंड खातं. तिकडे कार्डिनल सही करू शकत होते आणि पोप हुकूम देऊ शकत होते. पार्क५१ च्या मागे तशी उतरंडच नव्हती. इमाम एकीकडे, इमारतीचा मालक दुसरीकडे, वर कोणी नाही. बोलणी करायची तर कोणाशी? आणि पलीकडून कुटुंबीयांच्या वतीने सही कोण करणार? दुसरं म्हणजे, पोलंडने पुढे कायदाच केला. १९९८ मध्ये तिथल्या खडीच्या खाणीत शेकडो क्रूस रोवले गेले, तेव्हा मे १९९९ च्या कायद्याने छावण्यांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत संरक्षक पट्टा ठरवला आणि त्यात बांधकाम, व्यापार, सभा यांवर निर्बंध आणले. सगळ्यांना सारखे, कुठल्याही धर्माचं नाव न घेता. न्यू यॉर्कने असा पट्टा आखला असता तर त्याच पट्ट्यातले बार, कपड्यांची दुकानं आणि बार्कले स्ट्रीटचं सेंट पीटर्स चर्चही त्यात आलं असतं. ते कोणालाच नको होतं.

गव्हर्नर पॅटरसन यांनी ऑगस्टमध्ये पर्यायी सरकारी जागा देऊ केली. हेतू चांगला, पण राज्याने एका धर्माच्या केंद्राला 'तिकडे जा' म्हणून जमीन द्यायची तर राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीवरून दुसरा दावा उभा राहिला असता. प्रवर्तकांनी ती घेतली नाही.

---

जमाखर्च

प्रश्न ३. मशीद पैशांनी आणि अर्ध्या मालकीने मारली. निदर्शनांनी फार तर घाई केली.

मालकीपासून बघा. ४५-४७ सोहो प्रॉपर्टीज या विकासक कंपनीने विकत घेतली होती, पण ४९-५१ वीज कंपनी कॉन एडिसनची, जुन्या सबस्टेशनची जागा. तिचा फक्त भाडेपट्टा होता, २०७१ पर्यंतचा, वर्षाला ३३,००० डॉलर. दोन्ही इमारतींच्या मधली भिंत काढलेली असल्याने बाहेरून एकच वाटायचं. १३ मजली मनोरा मात्र दोन्ही भूखंड धरून आखलेला. भाड्याच्या जमिनीवरची इमारत पाडून त्यावर मनोरा चढवायला कुठली बँक कर्ज देईल? विकत घ्यायची तर वीज कंपनीच्या मालमत्तेची विक्री राज्याच्या लोकसेवा आयोगाने मंजूर करावी लागते. म्हणजे सातबारांनी वर दिलेल्या यादीत नसलेला आणि राजकीय दबाव पोचू शकेल असा एकमेव टप्पा हा होता. २०११ मध्ये कंपनीने २००८ पासूनची भाडेवाढ धरून १७ लाख डॉलरची थकबाकी मागितली आणि प्रकरण कोर्टात गेलं. जमीन हातात आली २०१४ मध्ये, १.०७ कोटी डॉलरला.

मग पैसा. जाहीर झालेला अंदाज १० कोटी डॉलर: ५०० आसनांचं सभागृह, जलतरण तलाव, बास्केटबॉल कोर्ट, पाळणाघर, पाककला शाळा, ११ सप्टेंबरचं स्मारक, आणि एक-दोन हजार माणसांची प्रार्थनेची सोय. आकडा आधी, देणगीदार नंतर. अशा केंद्राला साधारणपणे तिजोरीत अर्धीअधिक रक्कम असताना तोंड उघडायचं असतं. इथे चित्र छापून आलं तेव्हा पुरे बांधकाम नकाशेही तयार नव्हते, निधीची मोहीमही नव्हती. त्यामुळे 'पैसा कुठून?' या प्रश्नाला खरं उत्तर 'अजून नाहीच' असं होतं, आणि ते कोणालाच पटेना. परदेशी देणगी नाकारणार का, यावर वेगवेगळ्या तोंडांतून वेगवेगळी उत्तरं आली. नाव 'कॉर्डोबा हाउस'. रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी त्याला मुस्लिमांनी स्पेन जिंकल्याची खूण ठरवलं, आणि जुलैत ते बदलून पार्क५१ केलं. ऐन वादळात नाव बदललं की जुनं पुसलं जात नाही, दोन्ही चिकटतात.

जानेवारी २०११ मध्ये इमाम रौफ यांना मागे सारलं गेलं. प्रकल्पाचा सर्वांत परिचित चेहराच निधी मागायला उरला नाही. २१ सप्टेंबर २०११ ला जुन्या इमारतीत ४,००० चौरस फुटांचं केंद्र उघडलं, पहिला कार्यक्रम न्यू यॉर्कमधल्या मुलांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन. कोणी दगड मारला नाही. २०१४ मध्ये वास्तुकार ज्याँ नूव्हेलचं तीन मजली संग्रहालय जाहीर झालं, आणि ४५ पार्क प्लेसला उभा राहिला ६६७ फुटी, ४३ मजली आलिशान सदनिकांचा मनोरा. त्याविरुद्ध मोर्चा निघाला नाही, विमानाचा भाग त्याच जागेवरच्या जुन्या छतातून आत आला होता तरी.

---

निशिगंधा

हे सगळं फार उपयोगी आहे. एकच पुरवणी: प्रक्रियेनेच मशीद अडवली किंवा जवळजवळ अडवली, असं अमेरिकेतलं उदाहरण आहे का? तुलनेसाठी हवं होतं, स्मारक नसलं तरी चालेल.

---

सातबारा

दोन आहेत, आणि दोन्हींत वाद निघाला तो किरकोळ वाटणाऱ्या कलमावरून.

टेनेसीतलं मर्फ्रीसबरो. मे २०१० मध्ये काउंटीच्या नियोजन आयोगाने इस्लामिक केंद्राच्या नकाशाला मंजुरी दिली. विरोधकांनी धर्मावरून भांडण करून पाहिलं, ते चाललं नाही. चाललं ते हे: बैठकीची सूचना वर्तमानपत्रात छापली होती, पण बारीक अक्षरात, आणि विषयपत्रिकेचा उल्लेख नाही. २०१२ मध्ये राज्याच्या न्यायाधीशाने 'एवढा सार्वजनिक महत्त्वाचा विषय असताना सूचना अपुरी' म्हणून मंजुरी रद्द केली, इमारत जवळपास पुरी झालेली असताना. जुलै २०१२ मध्ये फेडरल न्यायालयाने भोगवट्याची वाट मोकळी करायला लावली, ऑगस्टमध्ये केंद्र उघडलं, आणि २०१३ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने आधीचा निकाल उलटवला. तात्पर्य नको, कृती घ्या: सूचनेत तारीख, स्थळ आणि विषय तिन्ही हवेत, आणि नेहमीपेक्षा मोठ्या प्रकरणात नेहमीचीच बारीक जाहिरात देऊ नये.

दुसरं न्यू जर्सीतलं बर्नार्ड्स टाउनशिप. तिथे हत्यार होतं पार्किंग. नियम चर्चसाठी तीन माणसांमागे एक गाडी. १५० नमाजींसाठी ५० जागा, अर्जात तेवढ्या दाखवल्या. मंडळाने 'मशिदीला वेगळा हिशेब' म्हणून १०७ मागितल्या. चार एकरांच्या प्लॉटवर डांबर वाढलं की पाण्याचा निचरा बिघडतो, झाडांचा आडोसा कमी पडतो, अग्निशमन गाडीची वळणं बदलतात. मग त्याच कारणांवरून नकार. साडेतीन वर्षांत ३९ सुनावण्या झाल्या, डिसेंबर २०१५ मध्ये अर्ज फेटाळला. फेडरल न्यायाधीशाने पार्किंगचा वेगळा मापदंड हाच भेदभाव ठरवला आणि मे २०१७ मध्ये टाउनशिपने ३२.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली.

मांडणीत तक्ता करणार असाल तर पार्क प्लेसच्या रांगेत पार्किंगचा रकाना रिकामा ठेवा. दक्षिण मॅनहॅटनमध्ये त्याची सक्तीच नाही. विरोधकांना तिथे तेही हत्यार नव्हतं.